रुजवात झाल्यावाचून

आडुतुरै

चि. बाळ यास थोरल्या काकांचे अनेक आशीर्वाद, विशेष.

तिरुभुवनमच्या विणकरांकडून रेशमी साड्या घेऊन पुण्यास व्यापार मांडण्याचा, आणि निम्मीअधिक विक्री व्हॉट्सअॅपवरून करण्याचा तुझा संकल्प कळला, आनंद झाला. मालाची पारख तुला आहे, तेव्हा त्याविषयी मी लिहीत नाही. लिहावयाचे आहे ते गेल्या कार्तिकात आपल्याच घरी जे घडले त्याविषयी. कारण तुझ्या आईने ते तुला अर्धेच सांगितले असावे, असे मला वाटते.

सकाळी दारात कोलम, म्हणजे इकडची पिठाची रांगोळी, घालून ती आत येते न येते तोच फोन वाजला. पलीकडचा गृहस्थ अत्यंत अदबीने, 'अम्मा, अम्मा' म्हणत, तमिळमध्ये सांगू लागला की विजेचे बिल जमा दिसत नाही, रात्री साडेनऊला वीज तोडण्याचा हुकूम निघाला आहे, तरी मी पाठवितो ते अॅप उतरवून घ्या आणि नोंदीपुरते दहा रुपये भरा. बोटांना पीठ तसेच, जीव घाबरलेला. तिने सांगेल तसे केले, पिनही घातला, आणि त्या अॅपमधून तिच्या फोनचा पडदा त्या माणसाला दिसत असल्यामुळे मी परसातून येईपर्यंत साडेअठरा हजार रुपये गेले होते. मी तिच्या फोनचे इंटरनेट बंद केले, माझ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार दिली, बँकेस इतला दिली. हे पाव तासात झाल्यामुळे रक्कम पुढच्या खात्यातच अडकली व काही आठवड्यांनी परत मिळाली. परंतु मी फोन लावीत असता ती माझा हात धरून म्हणत होती, "भावोजी, कोणाला सांगू नका." ती लाज मला त्या चोरीहून अधिक घातक वाटली, कारण फसलेला मनुष्य घरच्यांच्या बोलण्याला भिऊन जो एक तास गप्प राहतो, तेवढ्यात पैसा पाच खात्यांतून फिरून नाहीसा होतो. म्हणून तुझ्या घरी व दुकानी पहिला कायदा हा कर, की जो येऊन सांगेल त्याला कोणी रागावावयाचे नाही.

हा सारा तोतयांचा कारभार आहे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने कोकणातले किल्ले आपल्याकडे वळविले, आणि त्याचे बंड १७७६ साली मोडावे लागले, हे पुण्यात राहणाऱ्यास मी सांगावयास नको. त्याच पुण्यात १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशी सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यांतले बहुतेक असेच: चोरांनी बँकेच्या खऱ्या यंत्रणेआड आपली खोटी यंत्रणा उभी केली, आणि अठ्ठावीस देशांतल्या एटीएमांपुढे बनावट कार्डे धरली गेली तेव्हा पैसे द्यावेत काय, या प्रश्नाला ती खोटी यंत्रणाच होकार देत राहिली. खऱ्या दफ्तराला कोणी विचारलेच नाही.

आपल्या पूर्वजांनी ही भीती ओळखली होती. शिवछत्रपतींच्या पत्राच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' असे मोर्तब होई, ते शोभेसाठी नव्हे, त्याखाली परक्या हाताने ओळ वाढवू नये म्हणून. तुझे मोर्तब असे असू दे: विणकराचा बँक खाते बदलल्याचा निरोप आला, तर त्या निरोपातल्या क्रमांकावर नव्हे, तुझ्या वहीतल्या जुन्या क्रमांकावर फोन करून रुजवात, म्हणजे खातरजमा, कर आणि मगच रक्कम पाठव, मोठी रक्कम असेल तर दुसऱ्या माणसाची संमती घे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही नाही, हे गल्ल्यावरच्या पोराकडून पाठ करून घे. मेल, बँक आणि दुकानाचे खाते यांचे पासवर्ड वेगवेगळे व लांबलचक ठेव, आणि नोकर सोडून गेला की त्याच दिवशी त्याची वाट बंद कर.

संगणकाचे अपडेट 'उद्या' म्हणून ढकलू नकोस. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या संगणकी उपद्रवाने न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम खोळंबले. तो ज्या छिद्रांवाटे पसरला त्यांपैकी एकावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. हिशेबाची एक प्रत दर आठवड्यास वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेव. जोडलेलीच राहिली तर आग दोन्हींना लागते.

दुकानाच्या मेलला दुहेरी पडताळणी पहिली साडी विकण्यापूर्वीच लाव. आणखी एक. आता दुसऱ्याचा आवाजही हुबेहूब काढता येतो. तेव्हा संकटात पैसे मागताना ओळख पटावी म्हणून घरचा एक शब्द ठरवावा, असे मी व तुझ्या आईने योजिले आहे. तो मी येथे लिहीत नाही, फोनवरही सांगणार नाही. पोंगलला ये, समोर बसून ठरवू.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
थोरला काका