चौदा वर्षांनंतर सेल्टा?

प्रश्न : लालबागहून मस्कतला येऊन १४ वर्षं झाली. इथल्या भारतीय शाळेत इंग्रजी शिकवते. एमए, बीएड आहे. बढतीसाठी सेल्टा करावाच लागेल, असं सहकारी म्हणतात. खरं का?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, सेल्टा हा नवशिक्या इंग्रजी शिक्षकांसाठीचा केंब्रिजचा अभ्यासक्रम, त्यासाठी पैसे घालवू नका. अनुभवी शिक्षकांसाठीचा केंब्रिजचाच डेल्टा पाहा. त्याचे तीन भाग कोणत्याही क्रमानं, सवडीनं करता येतात. तिसऱ्यात इंग्रजी अध्यापनाचं व्यवस्थापन हा पर्याय आहे. विभागप्रमुख व्हायचं असेल तर तोच घ्या. दादर-परळच्या शाळेत परतायचं झालं, तर मात्र विचारणा बीएडचीच होईल, आणि ते तुमच्याकडे आहेच. नोकरीसाठी देश बदलणार असाल तर भरती करणारा एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे ना, ते तपासा. त्यानं शुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त मागितले तर सरळ फोन ठेवा.