पाइनची गाठ आणि पॉलिशचा हंगाम

पाइन हे सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड असून त्यातून राळेच्या सूक्ष्म नलिका गेलेल्या असतात. हिमाचल आणि उत्तराखंडातील चीड वृक्षांच्या ज्या चिकापासून टर्पेंटाइन काढले जाते तोच हा पदार्थ, आणि झाड कापून फळ्या पाडल्यावरही तो लाकडात उरतो. मयूर विहारसारख्या यमुनाकाठच्या वसाहतीत घरातील पाइनकामासाठी पारदर्शक लेप निवडताना डब्यावरच्या नावाआधी या राळेचा आणि दिल्लीच्या ऋतुमानाचा विचार करावा लागतो, हे तेथील बिघडलेल्या कामांवरून स्पष्ट होते.

मे महिन्यात दिल्लीतील दुपारची सापेक्ष आर्द्रता अनेकदा ३० टक्क्यांच्याही खाली जाते आणि ऑगस्टमध्ये ती ७० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे लाकूड आडव्या अंगाने आक्रसते आणि फुगते, आणि ही हालचाल ज्या लेपाला सोसत नाही तो सांध्यांवर तडकतो. मेलामाइन, म्हणजे दोन घटक मिसळून लावायचा आणि आम्लाच्या साह्याने कडक होणारा लेप, याच जातीचा आहे. स्वस्त आणि काचेसारखा चकचकीत असल्याने पॉलिशवाले त्याचाच आग्रह धरतात. एका सदनिकेत पश्चिमेच्या बाल्कनीलगतच्या पाइनच्या पॅनेलिंगवर तो मारल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात गाठींवर चिकट पिवळे ठिपके उमटले आणि कडेचे थर पापुद्र्यांनी सुटले. कारागिराने दोष लाकडाला दिला. ते अर्धेच खरे होते, कारण राळ भट्टीत पुरेशा उष्णतेने न सुकवलेल्या फळ्यांच्या गाठी आधी बंद करणे हे पॉलिशवाल्याचेच काम असते.

त्यासाठी चपड्याइतका भरवशाचा पदार्थ नाही. चपडा ही लाखेच्या किड्यापासून मिळणारी, स्पिरिटमध्ये विरघळणारी राळ असून तिचे सर्वाधिक उत्पादन झारखंडात होते आणि तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून संशोधन संस्था आहे. गाठींवर त्याचे दोन पातळ हात द्यावेत. मात्र वर पॉलियुरेथेन लावायचे असेल तर मेण काढलेलाच चपडा घ्यावा, अन्यथा वरचा थर धरत नाही, आणि द्रावण ताजे असावे, कारण जुने नीट सुकत नाही. गरम कप किंवा पाणी यांनी चपड्यावर पांढरे डाग पडतात, म्हणून जेवणाच्या टेबलावर तो एकटा पुरत नाही.

तेथे पाण्यावर आधारलेले पॉलियुरेथेन, म्हणजे ज्याचे राळकण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात असा लेप, योग्य ठरतो. त्याचा वास सौम्य असतो आणि तो तेलयुक्त प्रकाराइतका पिवळा पडत नाही. पहिल्या हाताने लाकडाचे रोम उभे राहतात, ते ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासले की झाले. पाइन उजेडात मुळातच मधाच्या रंगाचे होते, त्याबद्दल लेपाला बोल लावण्यात अर्थ नाही. अळशीचे तेल आवडणाऱ्यांनी त्याचे बोळे चुरगळून ठेवू नयेत. ते आपोआप पेट घेऊ शकतात.

पावसाळ्यात स्पिरिट किंवा थिनर उडताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर हवेतील ओल धरते आणि लेप पांढुरका पडतो, तर जानेवारीत तापमान १० अंशांखाली गेले की पाण्यावरच्या लेपाचा सलग थर बनत नाही. म्हणून हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये काढावे.

मेलामाइन सुकताना आणि नंतरही काही काळ फॉर्माल्डिहाइड हा डोळ्यांना झोंबणारा वायू सोडते, आणि थंडीत दिल्लीकर खिडक्या बंदच ठेवतात. तेव्हा मुलांच्या खोलीतील कपाटांना आतून मेलामाइन लावू देऊ नये, आणि सगळे काम सोपवण्याआधी गाठ असलेल्या एका उरलेल्या तुकड्यावर सर्व हात मारून तो काही आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवून पाहावा.