चुनखडीची गुहा आणि पाण्याची वाट

कात्रपच्या आसपासचे डोंगर काळ्या कातळाचे आहेत. हा दगड पाण्यांत सहज विरघळत नाहीं. म्हणून आपल्या इकडील लेणीं मनुष्यांस छिन्नीनें कोरावीं लागलीं. चुनखडीची गोष्ट निराळी आहे. पावसाचें पाणी हवेंतून व मातींतून कर्बाम्ल वायु घेऊन किंचित् आंबट होतें, आणि फटींत शिरून तो दगड हजारों वर्षें पोखरीत राहतें. ह्याप्रमाणें गुहा ही मूळची पाण्याचीच वाट होय. कॉकेशस पर्वतांतील वेर्योव्किना नांवाची अशी गुहा २२०० मीटरांहून अधिक खोल आहे. दोर व दिवे घेऊन तिच्यांत उतरलेल्या शोधकांस २०१८ सालीं पाणी चढूं लागतांच सामान टाकून वर पळावें लागलें.

मग मनुष्यें अशा ठिकाणीं कां जातात, असें कोणी विचारील. त्याच वर्षीं थायलंड देशांत ह्याचें उत्तर मिळालें. २३ जून रोजीं फुटबॉल खेळणारे १२ मुलगे व त्यांचा शिक्षक थाम लुआंग ह्या चुनखडीच्या गुहेंत शिरले. बाहेर पाऊस लागला आणि परतीची वाट पाण्यानें बुजली. जवळच राहणाऱ्या एका शोधकानें ती गुहा पूर्वीं अनेक वेळां धुंडाळिली होती. मुलें कोठें असावींत हें त्यास सांगतां आलें. २ जुलैस दोन इंग्रज पाणबुडे सुमारें ४ किलोमीटर आंत पोहोंचले, तों तेराही जण जिवंत!

पाणी उपसणें रात्रंदिवस चालूं होतें. त्या कामीं साह्य करण्यास आपल्या महाराष्ट्रांतील किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे जाणते लोकही गेले. उपसलेलें पाणी भातशेतांत शिरलें. शेतकऱ्यांनीं तें नुकसान मुलांसाठीं सोसलें. ६ जुलैस समन कुनान हा माजी आरमारी पाणबुड्या आंत हवेचीं नळकांडीं पोहोंचवून परततांना मरण पावला. ८ ते १० जुलै ह्या तीन दिवसांत सर्व तेरा जणांस बाहेर काढिलें.

ज्यानें पाण्याची वाट आधीं नीट पाहून ठेविली, त्याचें ज्ञान संकटांत परक्यांच्या लेंकरांच्या कामीं आलें. आपणही आपले ओढे ओळखावे. कोंडेश्वराच्या कुंडाशीं ऊन असलें, तरी वर डोंगरांत पाऊस झाल्यास लोंढा अवचित येतो. पाणी गढूळ होऊं लागतांच मुलांस बाहेर बोलवावें. वस्तु आणावयास परत फिरूं नये.

प्रश्न. — १. चुनखडींत गुहा कशी होते? २. मुलें सांपडण्यास कोणाचें पूर्वज्ञान उपयोगी पडलें? ३. तुमच्या गांवच्या ओढ्यास पाणी कोठून येतें?