मुलांना कॉलेजचे आवार दाखवताना

पुणे

चि. सौ. माधुरीस,

अकरावीचा किंवा पदवीचा अर्ज भरण्याआधी मुलाने त्या कॉलेजच्या आवारात एकदा तरी पायी हिंडून यावे, ही रीत महाराष्ट्रात फारशी रुळलेली नाही. बहुतेक घरांत कॉलेजची ओळख कट-ऑफच्या यादीतून होते. आवार दिसते ते थेट प्रवेशाच्या दिवशी, हातात मूळ कागदपत्रांची फाइल आणि समोर फी भरणाऱ्यांची रांग असताना. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. अर्जात जास्तीत जास्त दहा कॉलेजे पसंतीक्रमाने भरता येतात, आणि पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावे लागते. न घेणारा पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतो. म्हणून पहिल्या दोन-तीन पसंतीची कॉलेजे तरी अर्जाआधी पाहिलेली असावीत.

विज्ञान शाखेची अडचण आणखी निराळी आहे. शहरांतल्या अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत मुलाचे नाव पटावर असते आणि मूल दिवसभर क्लासमध्ये. याला ‘इंटिग्रेटेड’ असे नाव पडले आहे. जेईई, नीट, सीईटीच्या तयारीत दोन वर्षे सरतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कॅन्टीन, कट्टा यांच्याशी संबंध येतो तो प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरता. मग अठराव्या वर्षी मूल इंजिनिअरिंगच्या किंवा वैद्यकीय कॉलेजात, पुष्कळदा परगावी, पाऊल टाकते तेव्हा शाळेनंतरचे ते त्याचे पहिले खरे आवार असते. तिथे वर्गशिक्षक चौकशी करत नाहीत आणि सूचना वहीत लिहून घरी येत नाहीत. फलकावर लागलेली तारीख स्वतः वाचावी लागते, चुकली तर स्वतः निस्तरावी लागते. अनोळखी जागेत आपले काम आपण करून घेण्याचा सराव व्हावा, हा आवार दाखवण्याचा मुख्य हेतू आहे. इमारती पाहणे त्या मानाने दुय्यम.

सुरुवात नववीत किंवा दहावीच्या पहिल्या सहामाहीत झालेली बरी. बोर्डाचा निकाल हाती आल्यावर केलेली फेरी घाईची होते, आणि मुलाच्या डोळ्यांसमोर तेव्हा टक्केवारीच असते. दिवस कामकाजाचा निवडावा. ऑगस्ट-सप्टेंबर किंवा जानेवारी हे महिने त्यासाठी सोयीचे, कारण तेव्हा तासही चालू असतात आणि प्रॅक्टिकलेही. मे महिन्यात रिकाम्या वऱ्हांड्यांतून फिरून काहीच कळत नाही. गॅदरिंगच्या दिवशी कॉलेज छान दिसते, पण वर्षातले उरलेले दिवस कसे जातात ते त्या दिवशी दिसत नाही. फेरी सुखकर होणार की नाही हे वेळेवरही ठरते. अनेक कॉलेजांत कनिष्ठ विभाग सकाळी लवकर भरतो आणि दुपारी आवाराचा ताबा वरच्या वर्गांकडे जातो.

एकच कॉलेज पाहून तुलना होत नाही, म्हणून वेगवेगळ्या घडणीची दोन-तीन पाहावीत. पुण्यात ही सोय चांगली आहे. 1885 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने स्थापन केलेले फर्ग्युसन कॉलेज भर वस्तीत असूनही झाडीत आहे. दगडी मुख्य इमारत, वनस्पतिउद्यान, मागे टेकडी. कनिष्ठ आणि वरिष्ठ वर्ग एकाच आवारात असल्यामुळे अकरावीचे मूल तिथे एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांच्या शेजारून ये-जा करते. शिवाजीनगरचे सीओईपी 1854 मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गातून वाढले आणि 2022 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. तिथे कार्यशाळेतल्या यंत्रांचा आवाज ऐकता येतो आणि मुळेच्या काठी बोट क्लबही पाहता येतो. गणेशखिंडीतले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ही तिसरी तऱ्हा. 1949 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा विस्तार सुमारे 411 एकर, आणि मुख्य इमारत ही एकेकाळची मुंबईच्या गव्हर्नरची वास्तू. एका विभागातून दुसऱ्यात जायला तिथे चांगलीच पायपीट करावी लागते, आणि विभाग दुपारनंतर शांत असतात. ही तीन आवारे पाहिली की मुलाला आपला कल समजू लागतो. कोणाला गजबज मानवते, कोणाला मोकळीक. मोठ्या आवाराने बिचकणारे मूल एकाच इमारतीच्या कॉलेजात पटकन रमते, हेही अशाच फेरीत कळते.

प्रवेशद्वारापासून पुढे मुलाने चालावे आणि पालकांनी दोन पावले मागे राहावे. बहुतेक कॉलेजांत आता फाटकावर ओळखपत्र विचारतात, नोंदवहीत नाव लिहावे लागते. आधी कार्यालयात फोन करून परवानगी विचारलेली असावी, आणि तो फोनही मुलानेच केलेला उत्तम. आत गेल्यावर कार्यालयाची खिडकी शोधणे, माहितीपत्रक मागणे, एखाद्या विषयाला किती जागा आहेत ते विचारणे ही कामे मुलावर सोपवावीत. खिडकीपलीकडून तुटक उत्तर आले तरी पालकांनी मध्ये पडू नये. बोनाफाइड दाखल्यापासून परीक्षेच्या अर्जापर्यंत पुढची पाच-सहा वर्षे त्याला याच खिडकीशी बोलायचे असते.

पाहण्याच्या गोष्टींत ग्रंथालय पहिले. पुस्तके किती यापेक्षा अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी असते, बसायला जागा मिळते का आणि पुस्तक घरी किती दिवस ठेवता येते, हे महत्त्वाचे. विद्यापीठातले जयकर ग्रंथालय मुलाला बाहेरून दाखवले तरी शाळेच्या ग्रंथालयाहून ही गोष्ट केवढी वेगळी ते त्याला कळते. त्यानंतर प्रयोगशाळा. एका टेबलावर किती मुले उभी आहेत आणि उपकरणांवर धूळ आहे की हाताळल्याच्या खुणा, हे दारातूनही दिसते. सूचनाफलक सावकाश वाचावा. त्यावर वेळापत्रक, व्याख्याने, एनएसएस आणि एनसीसीची बोलावणी, हजेरी कमी पडलेल्यांच्या याद्या असे सगळे एकत्र लागलेले असते आणि कॉलेजात खरोखर काय चालते ते त्यातून उमजते. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी आवर्जून तपासावे. मुलींच्या बाबतीत तर दिवसभर कॉलेजात थांबता येईल की नाही हे पुष्कळदा त्यावरच ठरते. शेवटी कॅन्टीनमध्ये अर्धा तास बसावे. पालक वेगळ्या टेबलावर बसले तर अधिक चांगले.

माहितीपत्रकात नसते ते विद्यार्थ्यांकडून कळते. त्यातही दुसऱ्या वर्षाची मुले सांगण्याजोगे सांगतात, कारण पहिल्या वर्षाची नवलाई ओसरलेली असते आणि शेवटच्या वर्षाची नोकरीची धास्ती लागलेली नसते. तास नियमित होतात का, शिक्षक तासानंतर भेटतात का, जर्नले आणि सबमिशन कशी तपासतात, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले सहा महिने कसे जातात, असे नेमके प्रश्न मुलाने आधी लिहून न्यावेत. ‘कॉलेज कसे आहे?’ या प्रश्नाला ‘चांगले आहे’ एवढेच उत्तर मिळते. पदवीसाठी पाहणी असेल तर विषयांच्या जोड्याही विचाराव्यात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडावा लागतो, आणि कागदावर असलेली प्रत्येक जोडी प्रत्येक कॉलेजात मिळत नाही.

काही आवारे ठरावीक निमित्ताने सर्वांसाठी खुली होतात. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था लोकांना आत घेते. नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटीच्या महाकाय दुर्बिणींपाशी, विज्ञान प्रदर्शन भरते. डिसेंबरात मुंबई आयआयटीच्या पवई आवारात ‘मूड इंडिगो’ आणि ‘टेकफेस्ट’ असतात. नाटकाची ओढ असलेल्या मुलाला ‘पुरुषोत्तम करंडक’ स्पर्धेची एखादी फेरी दाखवावी. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेत आली आहे. दोन-तीन वर्षांनी मोठी असलेली मुले रंगमंच उभा करताना, प्रकाशयोजना सांभाळताना दिसली की कॉलेज हे नुसते परीक्षेचे ठिकाण नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा निमित्ताने मूल हुरळून जाते आणि त्यात वाईट काही नाही. निर्णय मात्र कामकाजाच्या दिवशी केलेल्या फेरीवर घ्यावा.

जाण्यायेण्याची परीक्षाही त्याच फेरीत व्हावी. स्वतःच्या गाडीने मुलाला दारात नेऊन सोडले तर रोजचा प्रवास कळत नाही. ज्या बसने, लोकलने किंवा एसटीने रोज जायचे तिनेच, त्याच वेळी जावे. परगावी जायचे असल्यास वसतिगृहाची खोली, मेसचे जेवण आणि मुलींच्या वसतिगृहाची रात्री परतण्याची वेळ प्रत्यक्ष पाहावी. खर्चाचा हिशेब मुलासमोर मांडावा. फी, वसतिगृह, मेस, पास, पुस्तके असे रकाने त्यानेच भरले की घराची ऐपत त्याला न बोलता समजते. त्यात सवलतींचाही रकाना असावा. राज्यात शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात. जुलै 2024 च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनेक कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ योजना असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ती रुजवली, आणि तिच्यात काम करण्यात कमीपणा नाही हे मुलाला आवारातच दाखवता येते.

रॅगिंगविषयी भीती न घालता स्पष्ट बोलावे. महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध कायदा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम 2009 चे आहेत. प्रतिबंधक समितीतल्या सदस्यांची नावे आणि फोन क्रमांक कॉलेजात ठळकपणे लावलेले आहेत की नाहीत, ते पाहावे. 1800-180-5522 हा राष्ट्रीय मदत क्रमांक मुलाच्या फोनमध्ये साठवून ठेवावा.

पालक स्वतः कॉलेजात गेलेले नसतील तर फाटकापाशीच पाय अडखळतो. अशा वेळी गावातला किंवा नात्यातला, त्याच कॉलेजात शिकणारा एखादा विद्यार्थी बरोबर घ्यावा. पालकांनी न जाता त्याच्यासोबत मुलाला पाठवले तरी हेतू साधतो. उलट पालक त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी असतील तर वेगळा धोका असतो. आठवणी इतक्या येतात की मुलाला स्वतःचे काही दिसतच नाही. त्या घरी सांगाव्यात.

परतल्यावर लगेच मत विचारू नये. दोन दिवसांनी, मूल आपण होऊन काय बोलते ते ऐकावे. त्याला भावलेल्या आणि न आवडलेल्या प्रत्येकी तीन गोष्टी त्याने लिहाव्यात, पालकांनी आपल्या स्वतंत्र लिहाव्यात आणि मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून पसंतीक्रम लावावा. मित्र तिथे जाणार हे कारण यादीत आले तर ते हसण्यावारी नेऊ नये, पण त्याला एकाच कारणाइतके वजन द्यावे. हवे ते कॉलेज गुणांअभावी मिळाले नाही, तरी फेरी फुकट जात नाही. फलक वाचणे, खिडकीशी बोलणे, अनोळखी विद्यार्थ्याला थांबवून विचारणे हे ज्याला एका आवारात जमले, त्याला ते कोणत्याही आवारात जमते.

तुझा,
मामा