पडद्यामागचे वादक

मुलांनो, आकाशवाणीवर एखादे जुने चित्रपटगीत लागण्यापूर्वी निवेदक काय सांगतो, ते तुम्ही कधी लक्ष देऊन ऐकले आहे काय? तो चित्रपटाचे नाव सांगतो, गायिकेचे नाव सांगतो, कवीचे व संगीतकाराचे नाव सांगतो आणि थांबतो. मग गाणे सुरू होते. पण गायिकेचा आवाज काही लगेच येत नाही. आधी वीस-पंचवीस व्हायोलिने एकदम उसळतात, त्यांच्या पाठोपाठ एखादी बासरी हळूच डोकावते, ढोलकाचा ठेका सुरू होतो, आणि मग कोठे पहिला शब्द कानी पडतो. एवढ्या अर्ध्या मिनिटात तीस-चाळीस माणसे आपल्या कानांवरून जातात. त्यांपैकी एकाचेही नाव निवेदकाने घेतलेले नसते.

माझ्या आजोळी चावीचा ग्रामोफोन होता. एकदा एका गाण्यातली सनई ऐकून मी मामांना विचारले, “ही कोण वाजवतो?” मामांनी तबकडी उचलून डोळ्यांजवळ धरली, मधल्या गोल कागदावरची अक्षरे वाचली आणि ती पुन्हा खाली ठेवीत म्हणाले, “येथे लिहिलेले नाही.” मला त्या वेळी याचे फार नवल वाटले. जो माणूस प्रत्यक्ष वाजवीत आहे, त्याचेच नाव कसे नाही?

पुढे कळले, की एके काळी गायकांचीही हीच अवस्था होती. ‘महल’ हा चित्रपट 1949 साली आला. त्यातील एका गाण्याने सारा देश वेडावून गेला. पण तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते ‘कामिनी’. कामिनी हे तर चित्रपटातील पात्राचे नाव! श्रोत्यांनी आकाशवाणीकडे पत्रे पाठवून विचारणा केली, तेव्हा खरी गायिका लता मंगेशकर आहेत, हे लोकांना समजले. गायकांची नावे पुढे तबकडीवर आली. वादकांची मात्र आली नाहीत.

हे वादक कोण होते, कोठून आले होते, याचा शोध घेऊ लागलो की पुष्कळ वेळा आपण गोमंतकातील एखाद्या खेड्यात जाऊन पोहोचतो. गोव्यावर 1961 पर्यंत पोर्तुगिजांची सत्ता होती. तेथील चर्चला जोडून शाळा असत. या शाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर पाश्चात्त्य संगीताचेही शिक्षण मिळे. पाच समांतर रेघांवर टिंबे मांडून सूर लिहावयाचे, आणि ती टिंबे पाहून कधीही न ऐकलेली चाल अचूक गावयाची, ही विद्या तेथील कोळ्याच्या अथवा शेतकऱ्याच्या मुलालाही येत असे. व्हायोलिनही तेथेच शिकविले जाई. पण या विद्येवर गावात पोट भरणे कठीण होते. म्हणून तरुण मुले व्हायोलिनची पेटी काखेत मारून मुंबईची वाट धरीत. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात गावोगावच्या लोकांनी आपापल्या ‘कुडी’ स्थापन केल्या होत्या. कूड म्हणजे गावकऱ्यांनी गावकऱ्यांसाठी चालविलेली बिऱ्हाडाची जागा. अल्प भाड्यात तेथे पेटी ठेवावयास जागा आणि रात्री पाठ टेकण्यास ठिकाण मिळे. सायंकाळी सर्वांनी मिळून प्रार्थना करण्याचा तेथे परिपाठ होता.

या तरुणांची चित्रपटांना गरज का भासली? आपल्या संगीतात गुरूच्या तोंडून ऐकावे आणि स्मरणात ठेवावे, अशी रीत आहे. दोघांचौघांनी वाजवावयाचे असेल, तर ती उत्तम. पण चाळीस वादकांनी एकाच क्षणी, एकमेकांहून वेगळे, तरीही एकमेकांशी जुळणारे सूर वाजवावयाचे असतील, तर प्रत्येकापुढे कागद हवा. संगीतकार पेटीवर चाल वाजवून दाखवी. जवळच बसलेला वाद्यवृंद-संयोजक ती लिहून घेई. मग व्हायोलिनांनी कोठे काय वाजवावे, दोन कडव्यांमधील जागा कशाने भरावी, गायिका श्वास घेते तेवढ्यात कोणते वाद्य बोलेल, हे सर्व तो ठरवी आणि प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र कागद तयार करी. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक मावत नसे, म्हणून हे सारे काटेकोरपणे बसवावे लागे.

सेबास्त्यान डिसूझा हे अशा संयोजकांपैकी अग्रगण्य होत. फाळणीपूर्वी ते लाहोरच्या एका हॉटेलात आपला वाद्यवृंद चालवीत असत. 1947 साली लाहोर सुटले आणि ते मुंबईस आले. पुढे शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांचे संयोजन त्यांनी केले. त्या गाण्यांत गायकाच्या स्वराखालून व्हायोलिनांची जी दुसरीच एखादी चाल वाहत असते, ती पुष्कळदा सेबास्त्यान यांची असे. पुढच्या वेळी असे गाणे लागले, की शब्दांकडे मुद्दाम दुर्लक्ष करून केवळ तेवढीच चाल ऐका. पहिल्यांदा ती सापडावयाची नाही. सापडली म्हणजे मात्र पुन्हा हरवत नाही.

ध्वनिमुद्रणाचा दिवस हा तर परीक्षेचाच दिवस! ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ अशा ठिकाणी सर्व वादक सकाळीच जमत. आजच्याप्रमाणे प्रत्येकाचे वादन निराळे मुद्रित करून नंतर जोडण्याची सोय त्या काळी नव्हती. गायक आणि सारे वादक एकाच वेळी गात-वाजवीत. शेवटच्या ओळीत एका व्हायोलिनवाल्याचा गज घसरला, तर चाळीसही जणांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. काम आटोपले की त्या बैठकीचे ठरलेले पैसे हाती पडत. पुढे ते गाणे लाखो वेळा वाजले, तरी वादकाला त्याचा वेगळा मोबदला नसे.

या मेळ्यात नाना प्रकारचे संगीत एकत्र आले होते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय लोकांनी जॅझ नावाचे संगीत जन्मास घातले. ते बोटींतून आणि तबकड्यांतून मुंबईच्या हॉटेलांत आले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या गमतीदार नावाने तेथे ट्रम्पेट वाजवीत. पुणतांब्यास जन्मलेले आपले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांनी त्यांना आपल्या सोबतीस घेतले. 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटातील एका गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार चक्क पडद्यावर दिसतात. पडद्यामागच्या माणसांना असे भाग्य क्वचितच लाभे.

ट्रम्पेटच्या शेजारी दत्ताराम वाडकर यांचा ढोलक असे. त्यांनी रूढ केलेल्या एका चालीस वादक आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात. पलीकडे कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी लॉर्ड ही पारशी पितापुत्रांची जोडी. 1969 च्या ‘आराधना’ चित्रपटातील एका प्रसिद्ध गाण्यात जो अ‍ॅकॉर्डियन ऐकू येतो, तो केरसी यांनी वाजविला आहे. चर्चमधील व्हायोलिन, हॉटेलातील ट्रम्पेट, तमाशा-कीर्तनाच्या देशातील ढोलक आणि पारशी घरातील अ‍ॅकॉर्डियन! शाळेच्या स्नेहसंमेलनातही इतकी भिन्न मंडळी एका तालावर आणणे आपल्याला साधत नाही.

याच गर्दीत उदयपूरकडचे एक सारंगीवादकही होते. त्यांचे नाव राम नारायण. सारंगी म्हणजे गायकाच्या मागे बसून साथ करण्याचे वाद्य, अशीच तेव्हा समजूत होती. साथीत आणि चित्रपटांत राम नारायण यांचा जीव रमेना. 1954 साली मुंबईच्या कावसजी जहांगीर सभागृहात त्यांनी एकट्याने सारंगी वाजविण्याचे धाडस केले. श्रोते नामवंत कलावंतांची वाट पाहत बसले होते. त्यांनी गलबला करून राम नारायण यांना थोड्याच वेळात उठण्यास भाग पाडले. एखादा असता तर त्याने सारंगी पेटीत घालून कायमची कडी लावली असती. त्यांनी पोटासाठी चित्रपटांत वाजविणे चालू ठेवले आणि 1956 साली पुन्हा मुंबईतच एकट्याने वाजविले. त्या वेळी लोकांनी ऐकले. पुढे साऱ्या जगात त्यांची सारंगी निनादली आणि 2005 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. परंतु असे बाहेर येणे सर्वांना शक्य होत नाही. 1980 नंतर विजेवर चालणारी वाद्ये वाढली, एक मनुष्य वीस जणांचे काम करू लागला, आणि हळूहळू मोठे वाद्यवृंद मोडत गेले. ग्रेगरी बूथ नावाच्या संशोधकाने मुंबईत येऊन अनेक वृद्ध वादकांच्या मुलाखती घेतल्या आणि 2008 साली त्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या घरच्या माणसांची विचारपूस परक्याने येऊन करावी, याची थोडी लाज वाटते. पण त्याने ती केली, हे उपकारच.

आता माजोर्ड्याच्या एका व्हायोलिनवादकाची हकिकत सांगतो. त्यांचे वडील चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख होते आणि तेच त्यांचे पहिले गुरू. हा मुलगा 1943 साली, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, मुंबईस आला आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात रुजू झाला. त्यांच्याकडे शिकावयास येणाऱ्यांत प्यारेलाल नावाचा एक लहान मुलगा होता. राहुलदेव बर्मन हेही त्यांचे शिष्य. मात्र दुसऱ्याच्या चाली वाजविण्यात या गुरूंचे समाधान होत नव्हते. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची एकत्र गुंफण करणारे संगीत ते स्वतः लिहीत. 1958 साली त्यांनी त्यासाठी आपला वाद्यवृंद उभारला आणि मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या चौकात कार्यक्रम केला. लता मंगेशकर व मन्ना डे यांनी त्यात गायन केले. परंतु एवढा मोठा वाद्यवृंद पदरच्या बळावर फार काळ चालविणे कोणालाही कठीणच. 1965 च्या सुमारास ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले; परतले ते चित्रपटसृष्टीत न येता माजोर्ड्याला गेले, आणि लोक त्यांना विसरले.

तो लहान प्यारेलाल मात्र विसरला नव्हता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील ते आता नामवंत संगीतकार झाले होते. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटाचे काम चालू असता एका विनोदी गाण्यात नायकाने स्वतःचे संपूर्ण नाव सांगावयाचे होते. आडनाव कोणते घ्यावे, असा प्रश्न निघाला, तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंचे नाव सुचविले. ते गाणे गल्लोगल्ली वाजले. उंच टोपी घातलेला नायक मोठ्या अंड्यातून बाहेर येतो आणि आपले नाव सांगतो, हे पाहून लाखो लोक हसले. ते नाव कवीने गमतीने योजले असावे, असेच त्यांना वाटले. माजोर्ड्यात अँथनी गोन्साल्विस खरोखरच राहत होते. 2012 सालच्या जानेवारी महिन्यात त्यांचे निधन झाले.

अभ्यास

1. चाळीस वादकांना कागदाची गरज का भासे आणि दोघांचौघांना का भासत नसे, ते आपल्या शब्दांत सांगा.

2. 1954 आणि 1956 या दोन सालांतील राम नारायण यांच्या अनुभवांत काय फरक होता? मधल्या काळात त्यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करून दहा ओळी लिहा.

3. घरातील वडीलधाऱ्यांना आवडणारे एक जुने गाणे तीनदा ऐका. शब्द सोडून केवळ वाद्यांकडे लक्ष द्या, ओळखू येतील त्या वाद्यांची नावे लिहा, आणि त्यांपैकी एखाद्या वादकाचे नाव कोणाला ठाऊक आहे काय, याची चौकशी करा.

4. तुमच्या गावातील बँड, भजनी मंडळ अथवा सनई-चौघडा यांतील एका वादकास भेटा. त्यांनी वादन कोणाकडून शिकले, ते विचारून लिहून आणा.