कामगार-कल्याण ते मनुष्यबळ-व्यवस्थापन

रायपूरच्या उत्तरेस, उरला औद्योगिक क्षेत्राला लागून बीरगांव वसले आहे. तेथील पोलादाच्या गिरण्यांत तप्त सळईजवळ उभा राहणारा मजूर पुष्कळदा ठेकेदारामार्फत कामावर लागलेला असतो. त्याची मजुरी, त्याची सुरक्षितता आणि त्याची तक्रार ही नेमकी कोणाची जबाबदारी, हा तेथील नित्याचा प्रश्न होय. त्याच जिल्ह्यात, नवा रायपूर येथे, २०१० साली स्थापन झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे आवार आहे आणि मनुष्यबळ-व्यवस्थापन हा तेथील अध्ययनाचा विषय आहे. वर्ग आणि भट्टी यांचा परस्परसंबंध काय, हे जाणण्यासाठी या विषयाच्या उगमाकडे वळले पाहिजे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत एके काळी कामगारास कामावर घेणे, त्याच्यावर देखरेख ठेवणे आणि प्रसंगी त्याला काढून टाकणे या तिन्ही गोष्टी जॉबरच्या हाती असत. काम मिळविण्यासाठी आणि टिकविण्यासाठी कामगाराला दस्तुरी द्यावी लागे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालाने ही सत्ता मोडण्याकरिता कामगार-अधिकारी नेमण्याची शिफारस केली. परंतु असा अधिकारी घडवावयाचा कोठे? १९३६ साली मुंबईतील नागपाडा येथे सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते होते. १९४४ साली या विद्यालयास टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. येथे कामगार-कल्याणाचे शिक्षण समाजकार्याच्या अंगाने दिले जाई, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने पाचशे अथवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण-अधिकारी नेमणे सक्तीचे केले. त्यामुळे अशा शिक्षणाची मागणी वाढली. तथापि या पदात एक अडचण मुळातच होती. अधिकाऱ्याने कामगाराचे गाऱ्हाणे ऐकावे अशी अपेक्षा. पण त्याचे वेतन मात्र मालकाकडून!

याच सुमारास विषयाचे स्वरूपही पालटू लागले. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था स्थापन केली. समाजकार्याच्या शेजारी आता व्यवस्थापनशास्त्र उभे राहिले. ‘कामगार-कल्याण’ मागे पडून प्रथम ‘कर्मचारी-व्यवस्थापन’ आणि नंतर ‘मनुष्यबळ’ हे शब्द रूढ झाले. १९८० साली डच संशोधक गेर्ट हॉफस्टेडे यांनी आयबीएम या एकाच कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांची तुलना करून दाखविले, की अधिकाराविषयीची समजूत देशागणिक भिन्न असते. एका देशात यशस्वी ठरलेली रीत दुसऱ्या देशात तशीच लागू पडेल असे नाही. आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत हा विचार आजही शिकविला जातो.

परंतु भेद केवळ देशादेशांतच असतो असे नाही. एकाच कारखान्यात कायम कर्मचारी आणि ठेक्यावरील मजूर यांच्यामध्येही तो असतो. ठेकेदाराने मजुरी न दिल्यास ती मूळ मालकाने द्यावी, असे १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने ठरविले, आणि २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेतही हे तत्त्व कायम राहिले. त्याच संहितेने कल्याण-अधिकाऱ्यासाठीची कामगारसंख्या पाचशेवरून अडीचशेवर आणली.

कायद्याने दायित्व निश्चित केले. परंतु ते पार पाडावयाचे असते माणसाने. म्हणून या शिक्षणाची खरी कसोटी परीक्षागृहात लागत नाही. ज्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नाही, अशा मजुराच्या मजुरीची चौकशी करणे हे आपले काम आहे, असे पदवीधराला वाटते की नाही, यावर ती अवलंबून आहे. जॉबर गेला, त्याच्या जागी ठेकेदार आला. ज्या प्रश्नातून या विषयाचा जन्म झाला, तो प्रश्न बीरगांवच्या गिरणीत अद्याप उभाच आहे.