‘सायकलवरून पडला’ एवढे पुरेसे नाही

प्रश्न : मी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आहे. केसपेपरवर अनेकदा ‘सायकलवरून पडला’ एवढेच असते. कोड कोणता लावावा?

उत्तर : आयसीडी-१० मध्ये इथे दोन कोड लागतात. पहिला इजेचा, मनगटाजवळ रेडियसचे हाड मोडले असेल तर एस ५२.५. दुसरा कारणाचा, आणि घोळ होतो तो इथेच. सायकलस्वारांसाठी व्ही १० ते व्ही १९ हा गट आहे. धडक कोणाशी झाली, यावर त्यातला कोड ठरतो: दुचाकी किंवा रिक्षा असेल तर व्ही १२, मोटार असल्यास व्ही १३, ट्रक-बस असल्यास व्ही १४. दुभाजकाला आपटला तर व्ही १७. कुत्र्याला धडकला तर व्ही १०. पण कुत्रा चुकवताना, धडक न होता नुसताच पडला तर व्ही १८. चौथा अंकही विसरू नका. सार्वजनिक रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला ४, कॅरिअरवर बसलेल्याला ५. अंगणात पडलेल्या चालकाला मात्र ०.

तपशील नसेल तर अंदाजाने कोड लावू नका, डॉक्टरांना विचारा. माझा आग्रह असा, की नोंद घेतानाच कोण, कुठे, कशाला धडकला हे ‘नातेवाइकांच्या सांगण्यानुसार’ असे स्पष्ट म्हणून लिहावे. प्रकरण मेडिकोलीगल असेल तर हाच कागद पुढे पोलिसांकडे आणि दावा प्राधिकरणासमोर जातो. ‘पडला’ या एका शब्दामुळे, ट्रकने उडवलेल्या मुलाची भरपाई अडू शकते.